आठवी आसरा

जीव द्यायला वेळ कुठे होता दिपमालाकडे? सहाच्या एस.टी.आधी तिला अजून तीन विहिरींचं पाणी घ्यायचं होतं. पण हे हितेंद्रला कसं कळावं? त्याला दिसलं ते एवढंच — आपल्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीत एक अनोळखी पोरगी पायऱ्या उतरून पार पाण्यापाशी गेली आहे, आणि ओणवी होऊन खाली बघते आहे.

हातातली ठिबकची नळी टाकून तो धावला. उंबरथडी गावात पुढे कितीतरी दिवस सांगत होते, की पोराने काठावरून एका उडीत चौदा पायऱ्या गाठल्या. चौदा नसतील, सहा तरी नक्की होत्या. त्याने तिच्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा धरला आणि असा हिसका दिला, की ती दोन पायऱ्या वर येऊन बसली... आणि तिच्या हातातला पत्र्याचा डबा उडून पाण्यात पडला.

झाकण उघडलं. आतून बोटभर लांबीच्या कागदी पट्ट्या निघाल्या आणि सावकाश पाण्यावर पसरल्या. दोघंही बघत राहिले.

"वाचलात तुम्ही," हितेंद्र धापा टाकत म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी? मी वाचले?" दिपमाला उठली. आणि जळगावच्या कॉलेजात चार वर्षं जपलेली तिची शुद्ध भाषा एका क्षणात गळून पडली. "तुन्हं डोकं फिरेल शे का? चाळीस पट्ट्या व्हत्यात त्या! बठ्ठ्या पान्यात घाल्यात!"

हितेंद्र बघतच राहिला. डोळ्यांना शहरी चष्मा, बॅगेवर कॉलेजचं नाव, आणि जीभ मात्र पार आपल्या चुलीजवळची!

"गाव कोणतं तुमचं?"

"शिंदखेडा. का?"

"काही नाही... शिव्या ओळखीच्या वाटल्या."

त्याने बांबूला गाळणं बांधून पट्ट्या काढून दिल्या. प्रत्येक पट्टीवर मेणाचं एक गोल रिंगण होतं आणि त्यात मेथीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका. आता ते सगळे ठिपके फिकट गुलाबी झाले होते. दिपमालाने त्या ओंजळीत घेतल्या, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाया गेल्या. भिजून रंग बदलला सगळ्यांचा."

इथे तिची चूक झाली. पण रडणाऱ्या माणसाला कागद नीट वाचता येत नाही, मग तो कागद तिने स्वतः बनवलेला का असेना.

*

पट्टीचं काम सोपं होतं. गाळण्याचा कागद, मेणबत्तीचं मेण आणि एक औषध. पाण्यात शिसं असलं की पिवळा ठिपका गुलाबी व्हायचा. नसलं की पिवळाच राहायचा. जळगावच्या प्रयोगशाळेतलं यंत्र हेच काम करायचं, पण ते यंत्र खोलीभर होतं आणि त्याच्या दाराशी रांग होती. दिपमालाची पट्टी चहाच्या कपापेक्षा स्वस्त होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या चाळीस विहिरी तपासून ती खरी ठरवायची, एवढंच तिचं संशोधन.

अडचण एकच. विहिरीच्या पाण्यात शिसं असलंच तर अगदी नखभर. एका थेंबाने ठिपका हलत नसे. एक थेंब टाकायचा, वाळू द्यायचा. मग दुसरा, मग तिसरा... असे तीस थेंब. एक थेंब वाळायला चार मिनिटं. म्हणजे एका विहिरीला दोन तास. मधल्या वेळात करायचं काय? बसायचं. प्रेमात पडणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय सरकारनेही केली नसती.

आठ दिवसांनी दिपमाला नव्या पट्ट्या घेऊन आली, तेव्हा हितेंद्र पायरीवर आधीच हजर होता.

"तुम्हाला शेतात काम नाही?"

"आहे ना. पण चाळीस पट्ट्यांचं पाप डोक्यावर आहे. थेंब मी टाकतो."

"हात थरथरतो तुमचा."

"तो फक्त तुम्ही बघता तेव्हा."

दिपमालाने चष्मा सारखा केला आणि विहिरीत काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं बघू लागली. वर पावसाची बारीक भुरभुर चालली होती. केळीच्या पानांवरून थेंब घरंगळत होते, आणि पायऱ्यांना शेवाळाचा ओला वास येत होता.

"सात झाले," ती म्हणाली.

"सहा. सहाव्याला तुम्ही हसलात, म्हणून तो दोनदा मोजलात."

"मी हसले नाही."

"बरं. मग मी चुकून बघितलं असेल..."

दुपारी हितेंद्रची आई, वच्छलाबाई, फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. तिने भाकरी खाली ठेवली, अगदी खालच्या पायरीवर उतरली आणि ओंजळीने विहिरीचं पाणी प्यायली. घाईने नाही, देवळात तीर्थ घ्यावं तशी. वर येताना तिने एका हाताने पोट दाबून धरलं.

"खाई ले वं पोर," ती दिपमालाला म्हणाली. "हित्या, तिले ठेचा कमी दे. शिंदखेडानी शे, तिखट आधीच बरंच शे तिन्हामा."

हितेंद्र खो खो हसला. दिपमाला लाजली, आणि तेवढ्यासाठी ठेचा दुप्पट खाल्ला.

तिसावा थेंब वाळला. ठिपका गुलाबी झाला होता.

या वेळी पट्टी भिजली नव्हती, डबा पडला नव्हता. दिपमालाने दुसरी पट्टी केली. तीही गुलाबी. हितेंद्र काही विचारायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला.

"हे पाणी कोण कोण पितं?"

"घरी आता नळाचं येतं. वरच्या पाड्यावरच्या अंगणवाडीला इथूनच नळी आहे. आणि... माय."

हितेंद्रने कारणही विचारलं नाही. तो उठला आणि अंगणवाडीकडे जाणारी नळी त्याच दुपारी तोडून टाकली. शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर जोडून दिली, संध्याकाळपर्यंत. कदाचित तेव्हाच दिपमालाच्या मनाने काय ते ठरवलं. तिला मात्र वाटत राहिलं, की आपण फक्त पाण्याचाच विचार करतोय.

*

जळगावच्या यंत्रानेही तेच सांगितलं. शिसं होतं. आजूबाजूच्या चारही विहिरी मात्र स्वच्छ. पट्ट्या हळदीसारख्या पिवळ्या. म्हणजे हे जमिनीतून येत नव्हतं. याच विहिरीत कुठून तरी पडत होतं.

महिनाभर दोघांनी शोध घेतला. माय मात्र कितीही सांगितलं तरी नळाचं पाणी प्यायला तयार नव्हती. मोटारीच्या खोलीतली जुनी बॅटरी गेली. गंजका पाइप गेला. दाराचा रंग खरवडून झाला. दर वेळी पुन्हा तीस थेंब, पुन्हा दोन तास. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. बहुधा अकराव्या आणि बाराव्या थेंबाच्या मध्ये कधीतरी.

"नाहीच सापडलं कारण तर?" एकदा त्याने विचारलं.

"तर यावं लागेल. परत परत."

"मग सापडूच नये."

"हितेंद्र!"

"पाण्याचं नाही म्हणत मी... म्हणजे, पाण्याचंच म्हणतोय, पण..." आणि तो मळ्याकडे बघत कानापर्यंत लाल झाला.

त्या दिवशी पाणी दोन पायऱ्या चढलं होतं. भिंतीतल्या कोनाड्याला ते लाटालाटांनी चाटत होतं. कोनाड्यात आसरा होत्या — पाण्यातल्या देवी, शेंदूर फासलेले दगड, ओळीने मांडलेले. प्रत्येक जुन्या विहिरीवर असतात तशाच. दिपमालाने सहज मोजले.

"आसरा सात असतात ना? इथे आठ आहेत."

हितेंद्रने हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "आठवी माझी बहीण आहे."

नूतन नऊ वर्षांची होती, हितेंद्र सोळा. अकरा वर्षांपूर्वी ती या मळ्यात त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तो मोटार खोलून बसला होता. ती पाणी प्यायला उतरली आणि वर आलीच नाही.

"माय म्हणते, आसरांनी तिला आपल्यात घेतलं. नदीवरून तिने स्वतः हा लहान दगड आणला. दर अमावास्येला येते, आठही जणींना धुते, शेंदूर तेलात कालवून बोटांनी माखते. नूतनला जरा जास्तच. आणि तेव्हापासून दुसरं पाणी पीत नाही. लग्नाला गेली तरी बाटली इथली. पोर ज्या पाण्यात आहे, तेच पाणी."

दिपमाला त्या आठव्या दगडाकडे बघत होती. लहानसा, गोल, आणि सगळ्यांत लालभडक. त्याच्या पायथ्याशी पाण्यात केशरी रंगाची एक बारीक रेघ तरंगत होती. तिने पट्टीवरचा ठिपका ओला केला आणि हळूच दगडाला टेकवला.

तीस थेंब लागले नाहीत. चार मिनिटंही लागली नाहीत. ठिपका डोळ्यांदेखत रक्तासारखा लाल झाला.

विहिरीत एक कबुतर फडफडलं आणि त्याचा आवाज चारही भिंतींवरून फिरून आला.

मग हितेंद्रने तिच्या हातातून पट्टी घेतली आणि मुठीत चुरगाळली. "हे मायला कळता कामा नये."

"हितेंद्र..."

"अहवालात लिही, शिसं आहे म्हणून. कुठून आलं ते लिहू नकोस. मी डब्यातला शेंदूर बदलतो. गेरू भरून ठेवतो, तिला कळणारही नाही."

"आणि पाणी? अकरा वर्षांचा शेंदूर गाळात बसलाय. ती तेच पिते. बोटांनी तोच कालवते. तिचं पोट दुखतं, मनगटात जोर नाही, घागर उचलत नाही तिला — मी बघितलंय. डॉक्टर अपचनाच्या गोळ्या देतात. तिला काय सांगून दुसरं पाणी पाजशील?"

त्याने मूठ आणखी आवळली. "तिला कळलं तर ती जगणार नाही, दिपा."

त्याने तिला दिपा म्हटलं ते हे पहिल्यांदा. याच वेळी म्हणायला नको होतं.

"आणि नाही कळलं तर?" तिने विचारलं.

तो उठला. दोन पायऱ्या चढून तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता येऊ नकोस तू. काम झालंय तुझं."

*

बारा दिवस फोन आला नाही. दिपमालाने सात वेळा निरोप लिहिला आणि सात वेळा पुसला. प्रयोगशाळेत तिच्या हातून थेंब रिंगणाबाहेर पडू लागले.

खरं तर तिला काहीच करायचं नव्हतं. विहीर क्रमांक एकवीस, शिसं आढळलं, कारण अज्ञात — एवढं लिहिलं की पदवी हातात होती. हितेंद्रही परत आला असता; रागावून फार दिवस राहायचा त्याचा पिंड नव्हता. दोघं सुखाने बसली असती त्या पायरीवर... आणि खालच्या पायरीवर ती बाई ओंजळ भरून प्यायली असती. रोज. दोघांच्या समोर.

दिपमाला सणासाठी शिंदखेड्याला घरी आली होती. पोळ्याच्या अमावास्येला सकाळी तिने तिथूनच एस.टी. धरली. हितेंद्र गेला तर गेला, असं तिने स्वतःला चोपड्यापर्यंत बजावलं. चोपड्याच्या पुढे मात्र डोळे पुसत राहिली.

हितेंद्र बैल धुवायला नदीवर गेला होता. विहिरीत वच्छलाबाई एकटीच होती. आठही दगड धुऊन झाले होते. वाटीत शेंदूर कालवलेला, बोटं केशरी.

"उनी का वं पोर? इतला दिन कोठे व्हती? हित्या तोंड पाडीसन फिरी राहिना."

"मावशी, तुम्हाला एक दाखवायचंय. पण वेळ लागेल."

"माले कोठे जानं शे?"

दिपमालाने दोन पट्ट्या मांडल्या. घरून आणलेल्या बाटलीतलं शिंदखेड्याचं पाणी एकीवर, विहिरीचं दुसरीवर. थेंब वच्छलाबाईनेच टाकले, हात स्वच्छ धुऊन. एक टाकायचा, थांबायचं. दुसरा टाकायचा, थांबायचं.

तिसऱ्या थेंबाच्या सुमारास वच्छलाबाई बोलू लागली. नूतनला केळीचे वेफर आवडत. नूतन भित्री नव्हती, पालीला हाताने धरायची. हित्याच्या वहीत तिने एकदा त्याचं चित्र काढलं होतं, मोठे कान घालून. घरात अकरा वर्षं कुणी तिचं नाव काढू दिलं नव्हतं — काढलं की ही रडते म्हणून. आज ती रडत नव्हती. तीस थेंब वाळेपर्यंत ती बोलत राहिली, आणि दिपमाला ऐकत राहिली.

एक पट्टी पिवळी होती. दुसरी गुलाबी.

"हाऊ रंग काय सांगस?"

"पाण्यात शिसं आहे, मावशी. हळूहळू चढणारं विष."

वच्छलाबाई गुलाबी ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिने वाटीतल्या शेंदराकडे बघितलं... आणि दिपमाला काही बोलायच्या आत, शेंदरात बोटं बुडवून एक बोट स्वतःच तिसऱ्या कोऱ्या पट्टीवर टेकवलं. कडेने हळूहळू लाली उमटू लागली. तिला सांगावं लागलंच नाही.

वर कुठेतरी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता.

"म्हंजे इतला साल," ती अगदी हळू म्हणाली, "मी मन्ही पोरले जहर लायं?"

"तिला नाही, मावशी. तिला आता काहीच होत नाही." दिपमालाने तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं. "तुम्हाला झालंय. सगळ्याच शेंदरात नसतं, या डब्यातल्यात आहे. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कसं कळणार?"

"अंगनवाडीनं पोरं?"

"त्यांची नळी हितेंद्रने दीड महिन्यापूर्वीच काढली. त्यांची तपासणी झालीय, बरी आहेत."

"म्हंजे हित्याले ठाऊक शे."

दिपमालाने मान खाली घातली. "तुम्हाला सोसवणार नाही, असं वाटलं त्याला."

"पोर गई, ते सोसं मी." वच्छलाबाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मंग हाई काय शे?"

काठावर सावली पडली. हितेंद्र उभा होता. गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात बैलाचा कासरा. त्याने पायरीवरच्या पट्ट्या बघितल्या, आईचा चेहरा बघितला. दिपमाला उठून उभी राहिली. त्याच्या डोळ्यांत काय आहे ते तिला बघवेना.

"हित्या," आई म्हणाली, "खाले ये. ह्या बठ्ठ्या जनीस्ले वर लई चाल. आंब्याखाले बठतीन त्या. तठे फुलं वाहसू. शेंदूर नही."

तो उतरला. एकेक दगड छातीशी धरून वर नेऊ लागला. सात झाले. आठवा उचलला, आणि पाय उचलेना. तो तिथेच पायरीवर बसला, दगड मांडीवर घेऊन.

"मीच तिले थांब सांगं व्हतं, माय," तो म्हणाला. "तिले तहान लागेल व्हती. मी म्हनं, मोटार व्हवू दे, मंग देस पानी. ती थांबनी नही."

अकरा वर्षं तो हेच लपवत होता, हे दिपमालाला आत्ता कळलं. शेंदराचं तर नुसतं निमित्त होतं.

"माले माहीत शे, भाऊ," वच्छलाबाई म्हणाली. "त्याच दिनले समजनं व्हतं माले." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचे केस केशरी झाले. मग तिने दगड त्याच्या मांडीवरून आपल्या हातांत घेतला. मनगटाला तो पेलेना, तशी दिपमाला पुढे झाली. तिघांनी मिळून तो वर नेला.

आंब्याखाली आठही जणी बसल्या. पाऊस नव्हता, पण पानांतून पाणी टपकत होतं. वच्छलाबाई फुलं तोडायला जरा पलीकडे गेली.

"मी तुला येऊ नको म्हटलं होतं," हितेंद्र म्हणाला.

"मी ऐकलं नाही."

"हो..." तो थांबला. "बरं केलंस."

"तिला उद्याच जळगावला न्यायचं, मोठ्या दवाखान्यात. रक्त तपासावं लागेल, औषध आहे यावर. विहीर उपसावी लागेल, गाळ काढावा लागेल, मग दर महिन्याला तपासणी..."

"तपासायला तू येशील?"

"शिंदखेड्याहून? दोन एस.टी. बदलाव्या लागतात."

"मग..." त्याने खालचं एक पान उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "मग इथेच राहा ना. म्हणजे... कायमची. मला हे तीस थेंबांत सांगायचं होतं, दिपा. पण तू बघितलंस की मोजणी चुकते माझी."

दिपमालाने त्याच्या हातातलं ते पान काढून घेतलं, आणि हात मात्र सोडला नाही.

"झायं का तुम्हनं?" मागून वच्छलाबाईचा आवाज आला. दोघंही दचकून लांब झाली. तिच्या पदरात जास्वंदी होत्या, आणि नजर दिपमालाच्या बॅगेतून डोकावणाऱ्या बाटलीवर.

"ते तुन्हा गावनं पानी शे ना?"

"हो, मावशी."

"दे."

तिने बाटली घेतली. क्षणभर विहिरीकडे बघितलं, मग आंब्याखालच्या त्या लहान दगडाकडे. आणि डोळे मिटून ती पाणी प्यायली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्या गावचं.

वच्छलाबाईने पदराने तोंड पुसलं आणि जरा विचार केला.

"खारं शे," ती म्हणाली, आणि उरलेली बाटली मुलाच्या हातात दिली. "पी, भाऊ. आते सवय करनी पडी."